आड आणि विहीर

शिवगंगा बिराजदार डोळ्यांची डॉक्टर झाली तेव्हा डोळ्यांची ऑपरेशनं जवळजवळ बंद पडली होती. पोहायला शिकून यावं आणि नदीच आटलेली असावी, तशी तिची गत झाली.

सोलापुरातल्या ज्या नेत्र रुग्णालयात ती लागली, तिथे एके काळी दिवसाला शंभर-शंभर मोतीबिंदू निघत. खेड्यापाड्यांतून शिबिराची माणसं जीपगाड्या भरभरून येत, एक रात्र डोळ्याला पट्टी बांधून झोपत आणि दुसऱ्या दिवशी लख्ख बघत घरी जात. शिवगंगाच्या काळात चारांपैकी तीन थिएटरं कुलूपबंद होती. चौथ्यात अपघाताने डोळा फुटलेला एखादा पेशंट यायचा, तेवढंच. बाकी दिवसभर ती बाहेरच्या खोलीत बसून लोकांना परत पाठवायची. समोरच्याच्या बाहुलीत दुधाळ मोतीबिंदू पिकून बसलेला दिसायचा, तो काढायला पंधरा मिनिटं पुरतात हे तिला ठाऊक असायचं, आणि तरी ती म्हणायची, "आजोबा, सध्या थांबा."

माणसाच्या पापण्यांवर जंतू राहतात. पूर्वीही राहत होते. मोतीबिंदू काढताना डोळ्याला तांदळाच्या दाण्याएवढा छेद द्यावा लागतो आणि कितीही काळजी घेतली तरी त्यातून थोडे जंतू आत शिरतात. म्हणून ऑपरेशन संपताना प्रतिजैविकाचा एक थेंब डोळ्याच्या आत सोडायचा. रोग व्हायच्या आधीच औषध. या एका थेंबाच्या भरवशावर जगभर कोट्यवधी डोळे उघडले होते. पण कोंबड्यांच्या खाद्यात, सर्दी-पडशात, लागेल तिथे आणि न लागेल तिथे माणसाने तीच औषधं इतकी ओतली की जंतू शहाणे झाले. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं. तेच त्यांचं हत्यार. जंतूंनी ते कडं कापणारी कात्री तयार केली. कात्री म्हणजे एक विकर, एन्झाइम. आधी ती मोजक्या रोगजंतूंकडे होती. दोन हजार अडतीस साल उजाडेपर्यंत ती पापणीवरच्या गरीब, निरुपद्रवी जंतूंकडेही पोचली आणि तो थेंब निकामी झाला. दर पस्तीस-चाळीस ऑपरेशनांमागे एक डोळा पुवाने भरून कायमचा जाऊ लागला. एका शिबिरात एकाच दिवशी अकरा जण आंधळे झाले, तेव्हा सरकारने शिबिरंच बंद केली. लोक ज्याला किरकोळ समजत होते तो मोतीबिंदू पुन्हा आंधळेपणाचं दुसरं नाव झाला.

शिवगंगाची आई महादेवी त्याच रांगेत होती.

एसटीने बायकांच्या हाती स्टीअरिंग दिलं, त्या पहिल्या तुकड्यांतली ती ड्रायव्हर. नवरा अकाली गेल्यावर शिवगंगा आणि धाकटा बसवराज या दोघांना तिने सोलापूर-लातूर गाडीवर वाढवलं. आता साठी उलटली होती आणि दोन्ही डोळ्यांपुढे, तिच्याच शब्दांत, "काचेवर पीठ बसल्यागत" झालं होतं. चहा ओतताना कप भरला की नाही हे कळावं म्हणून ती कपात बोटाचं टोक धरायची. ते बोट कायम भाजलेलं असायचं. शिवगंगा त्याला मलम लावायची.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात पुण्याहून डॉ. इरावती पोंक्षे सोलापूरला आल्या. रसायनशास्त्रातून वैद्यकाकडे वळलेल्या, बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. रुग्णालयातल्या सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला.

"जंतूकडे कात्री आहे ना? असू दे. ती काढून घ्यायचा प्रयत्न आपण पन्नास वर्षं केला, जमलं नाही. आता आपण त्याला कापायलाच काहीतरी देऊ."

त्यांच्या नव्या रेणूलाही तसंच चौकोनी कडं होतं, पण त्या कड्यामागे विष बांधून ठेवलं होतं. कडं शाबूत असेपर्यंत ते निपचित पडून राहायचं. माणसाच्या पेशीत ती कात्रीच नसते, त्यामुळे माणसाला धक्का नाही. जंतूने मात्र सवयीने कडं कापलं की विष सुटायचं, तेही त्याच्याच पोटात. कात्री जितकी धारदार तितकं मरण लवकर.

"आणि एखादा जंतू आणखी शहाणा होऊन कात्री टाकूनच देईल, त्याचं काय?" शिवगंगाने विचारलं.

"त्याला मारायला जुनं औषध आहेच की. दोन्ही एकाच थेंबात द्यायची. कात्री ठेवली तर नवं मारतं, टाकली तर जुनं मारतं."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर."

पोंक्षेबाई हसल्या. त्यांनी औषधाचं नाव 'द्विधा' ठेवलं होतं, पण त्या दिवसापासून रुग्णालयातल्या नर्सांनी त्याला आडविहीर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

सशांच्या डोळ्यांत द्विधा चालली होती. थोड्या माणसांना देऊन ती डोळ्याला इजा करत नाही हेही पाहून झालं होतं. ती खरोखर डोळे वाचवते का, हे ठरायचं होतं. त्यासाठी राज्यातली सहा रुग्णालयं निवडली होती आणि तीन-चार हजार माणसं लागणार होती. निम्म्यांना द्विधा, निम्म्यांना नुसतं जुनं औषध. कोणाला काय मिळणार हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. कुप्या दिसायला सारख्याच. पेशंटला माहीत नाही, डॉक्टरला नाही, खुद्द पोंक्षेबाईंनाही नाही. खरा हिशेब एका वेगळ्या, त्रयस्थ समितीकडे.

"डॉक्टरला कळलं की हा पेशंट नव्या औषधाचा आहे, तर तो नकळत त्याला जास्त जपतो," पोंक्षेबाई म्हणाल्या. "मग शेवटी जिंकलं कोण, औषध की जपणं? ते सांगता येत नाही."

दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालेल्यांनाच चाचणीत घ्यायचं होतं. त्यांचाही जास्त वाईट असलेला एकच डोळा करायचा होता आणि धोका आधी तोंडावर सांगायचा होता.

घरात दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे महादेवीला सगळं कळलं. एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझं नाव घाल त्यात."

शिवगंगाच्या हातातला डबा तसाच राहिला. "अव्वा, तू थांब. दीड-दोन वर्षांत निकाल लागेल. औषध चांगलं निघालं तर पहिला नंबर तुझा."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी आहे की."

"तसं न्हाई विचारलं मी. तोपर्यंत कुणाच्या डोळ्यांवर बघणार तुम्ही?"

शिवगंगाने डब्याचं झाकण लावलं. आदल्याच दिवशी तिने बार्शीच्या एका बाईंना समजावून सांगितलं होतं की, निम्मी शक्यता नव्या औषधाची, निम्मी जुन्याची, आणि तुमच्यासारख्यांनी पुढे आल्याशिवाय काही कळणार नाही. त्या बाईंच्या लेकाने तिच्याकडे एकटक पाहत विचारलं होतं, "तुमच्या घरचं हाय का कुणी यात?" तिने प्रश्न टोलवला होता. दिवसभर तो तिच्या मानेवर बसून होता.

"ज्या येतील त्या बी कुणाच्या तरी अव्वाच हायत," महादेवी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. तिला तवा नीट दिसत नव्हता, भाकरीची कड बाहेर लोंबली. तिने ती बोटांनी चाचपून आत घेतली. "मला काय आता लई बघायचं राहिलं न्हाई. पण जे राहिलंय ते तरी नीट दिसू दे."

डॉक्टरच्या नातेवाइकाचं ऑपरेशन त्याच डॉक्टरच्या रुग्णालयात करायचं नाही असा चाचणीचा नियम होता. म्हणून महादेवी लातूरला गेली, डॉ. काझींकडे. सलीम काझी शिवगंगाबरोबर शिकलेला, शांत हाताचा माणूस. बसवराजला हे पुण्यात फोनवर कळलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू घरात असताना अव्वाला प्रयोगावर पाठवायची वेळ यावी?" आणि फोन ठेवून दिला.

ऑपरेशन सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी काझी थिएटरात असताना नर्सने पट्टी काढली आणि महादेवीला डाव्या डोळ्याने दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाची पानं वेगवेगळी दिसली. तिने शिवगंगाला फोन करून सांगितलं, "अगं, पानाला दाते असतात, मी विसरूनच गेले होते की." घरी आल्यावर तिने दोन दिवस घर झाडण्याचा सपाटा लावला. कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं काढली, भिंतीवरचा तेलकट डाग घासला, आणि लेकीला बजावलं की तुझ्या झाडलोटीच्या बाईने वर्षभर मला फसवलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बिछान्यातून उठली नाही. "गंगा, डोळ्यात कुणी निखारा ठेवलाय बघ," ती म्हणाली. शिवगंगाने पापणी उघडली. बुबुळाच्या खाली पांढरट पुवाची कड साचली होती.

त्यांनी लातूर गाठलं तेव्हा काझी दारातच उभा होता. त्याने डोळ्यातला पू काढला, होती नव्हती ती औषधं आत सोडली. द्विधा आता देऊन उपयोग नव्हता. ती मूठभर जंतूंसाठी होती. डोळ्याच्या बंद खोलीत जंतू कोट्यवधी झाले की ते मरता मरतादेखील आतला नाजूक पडदा जाळून जातात. संध्याकाळपर्यंत डोळा वाचला, नजर गेली.

काझीने शिवगंगाला आपल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. त्याचे हात टेबलावर होते आणि ते त्याला स्थिर ठेवता येत नव्हते.

"गंगा, त्यांची रिकामी कुपी फ्रीजमध्ये आहे. तळाशी थेंब उरलाय." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आपल्याकडे त्या विकराच्या, कात्रीच्या, पट्ट्या आहेत. पट्टीवर थेंब टाकला की द्विधा असेल तर रंग बदलतो. लगेच कळेल. मी कोणाला सांगणार नाही."

शिवगंगा उभीच राहिली. तिला ते कळायला हवं होतं. कुपीत द्विधा असेल तर सगळंच संपलं. दहा वर्षं जिच्या वाटेकडे डोळे लावले ती आशाच खोटी. आणि नसेल, तर एका कॉम्प्युटरच्या चिठ्ठीने अव्वाचा डोळा घेतला. दोन्हीपैकी काहीही कळलं असतं तरी त्या क्षणी अंधारात उभं राहण्यापेक्षा ते बरं वाटलं असतं.

"तुला कशाला कळायला हवंय?" तिने विचारलं.

"कारण माझा हात चुकला की औषध, हे मला कळलं पाहिजे. त्याशिवाय मी उद्या सुरी धरू शकणार नाही."

"आणि कळलं की उद्यापासून आपण दोघं प्रत्येक पेशंटकडे त्याच नजरेने बघणार. कुठे ना कुठे बोलून जाणार. लातूर आणि सोलापूर, दोन्हींचे आकडे समितीला टाकून द्यावे लागतील. सहाशे डोळे, सलीम. त्यात अव्वाचाही." ती दाराकडे वळली. "दुखलं तेवढं पुरे. ते फुकट नको जायला."

काझीने मान हलवली. मग तो उठला, फ्रीजची किल्ली खिशातून काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तू मुख्य डॉक्टरांकडे ठेवून जा. माझा माझ्यावर भरवसा नाही."

शिवगंगा आईच्या खाटेशी जाऊन बसली. महादेवीच्या डोळ्यावर जाड पट्टी होती. तिने विचारलं, "गेला ना?"

"गेला, अव्वा."

"बसूला मी सांगते. तू नको बोलू, भांडेल तुझ्याशी."

बसवराज आला आणि भांडलाच. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तो बहिणीला नको नको ते बोलला. तो जे बोलत होता ते तिने स्वतःला आधीच ऐकवलं होतं. त्यानंतर पुढचे कित्येक महिने तो फक्त आईला फोन करायचा.

सोलापूरला परतल्यावर पहिल्याच सोमवारी चाचणीसाठी आलेली आठ-दहा माणसं बाहेरच्या खोलीत बाकांवर बसली होती. मंगळवेढ्याचे एक निवृत्त तलाठी, दोन सख्ख्या जावा, एक चादरी विणणारे गृहस्थ. शिवगंगाने नेहमीप्रमाणे सगळं समजावून सांगितलं. मग ती थांबली.

"आणखी एक. याच चाचणीत माझ्या आईचं ऑपरेशन झालं. तिचा डोळा गेला. तिला कुठलं औषध मिळालं होतं ते मला माहीत नाही आणि चाचणी संपेपर्यंत कळणार नाही. तुमच्यापासून हे लपवून मी तुमची सही घेणार नाही."

बाकांवर कुजबुज झाली. तलाठी उठले, काठी टेकत दारापर्यंत गेले, आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून आणखी एक जण गेला. धाकट्या जावेने मोठीला कोपराने ढोसलं. मोठी म्हणाली, "जरा थांब गं. बाई, एक विचारू का? आईचा डोळा गेल्यावरबी तुम्ही आज इथं बसलाव. म्हंजे तुमाला वाटतंय, औषध चांगलं हाय?"

"मला वाटून उपयोग नाही, काकू. मला कळायला हवंय. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर बिनधास्त म्हणा, तुमच्यावरचे बाकीचे उपचार तसेच चालू राहतील."

"मला ह्या पोरीचं तोंड दिसंना झालंय," मोठी जाऊ धाकटीकडे हात करून म्हणाली. "घ्या माझा अंगठा." मग धाकटीनेही दिला, विणकर गृहस्थांनीही दिला. दुपारी तलाठी परत आले. बाहेर चहाच्या टपरीवर बसून विचार केला, म्हणाले.

शिवगंगा कामाला जुंपली. प्रत्येक ऑपरेशनानंतर पहिला आठवडा ती फोनच्या रिंगला दचकायची. कधी फोन यायचा. एक डोळा गेलेला असायचा. बहुतेकदा फोन यायचा नाही. कोणाला काय दिलं ते तिला कळत नव्हतं आणि कळू नये म्हणून ती धडपडत होती. काझीने मात्र ऑपरेशन करणं सोडलं होतं. तो फक्त पेशंट तपासायचा. सुरी त्याच्या हाताखालचे डॉक्टर धरायचे.

ठरलेल्या मुदतीच्या आधीच, पन्नास सालच्या जानेवारीतल्या एका दुपारी पोंक्षेबाईंचा फोन आला.

"शिवगंगा, समितीने चाचणी थांबवायला सांगितलंय."

चाचणी मध्येच थांबवतात ती बहुधा औषधाने घात केला म्हणून.

"पुढे सांगा," ती म्हणाली.

"दोन्हीकडे साधारण दीड-दीड हजार डोळे झालेत. जुन्या औषधाच्या गटात एक्केचाळीस डोळे गेले." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "द्विधाच्या गटात एक. तोही बुरशीचा, तिच्यावर आपलं औषध चालतच नाही. समिती म्हणते, आता यापुढे एकाही माणसाला जुनं औषध देणं हा अन्याय होईल. म्हणून थांबवायची."

शिवगंगाने फोन ठेवला तेव्हा दारात नर्स जमल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळेना. "आडविहीर जिंकली," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात वर केले. मग जो गोंधळ उडाला त्यात कोणीतरी कुलूपबंद थिएटरच्या किल्ल्या शोधायला धावलं. दहा वर्षांचं गंजलेलं कुलूप उघडेना, तेव्हा ते तेल घालून, मग हातोडीने उघडलं.

घरी महादेवी भाजी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठल्यात होते?"

"जुन्यात, अव्वा. समितीने आता यादी उघडलीय."

महादेवीची बोटं मेथीच्या जुडीवर थांबली. उजव्या डोळ्यापुढचं पीठ आता इतकं दाट झालं होतं की ती लेकीच्या आवाजाच्या दिशेने बघत होती.

"मग माझा मोजला का त्यांनी?"

"मोजला. एक्केचाळिसातला एक."

"तो नसता तर?"

शिवगंगाने प्रामाणिकपणे विचार केला. "सांगता येत नाही. कदाचित अजून महिनाभर चालवा म्हणाले असते."

"महिनाभरात आणखी दोन-तीन गेले असते की." महादेवीने मान डोलावली आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "चांगला मोजला." त्या दिवशी, वर्षभरात प्रथमच, आई आपल्या बंद पडलेल्या डोळ्यावरून हात फिरवताना शिवगंगाला दिसली.

उरला होता उजवा डोळा. सरकारने द्विधाला तातडीची परवानगी दिली, रुग्णालयं एकामागून एक उघडू लागली, आणि महादेवीच्या घरात भांडण पेटलं. बसवराज पुण्याहून आला. "एकच डोळा राहिलाय. अंधुक का होईना, उजेड-अंधार कळतो. तोही गेला तर?" शिवगंगाला त्याचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. आकडे तिला पाठ होते, तरी एकुलत्या एका डोळ्यावर सुरी ठेवायची म्हटलं की ते पुरे पडत नव्हते. ती म्हणाली, "ऑपरेशन व्हायला हवं. पण मी करू का, हे मला कळत नाहीये."

"तू न्हाईच करायचं," महादेवी म्हणाली. "काझी डॉक्टर करणार."

शिवगंगा एकदम तिच्याकडे वळली.

"अव्वा, त्याने ऑपरेशन सोडलंय. तुझ्या त्या डोळ्यापासून."

"म्हणूनच." महादेवीने पाय पसरले. "आमच्या डेपोत अपघात झाला की ड्रायव्हरला लवकर परत गाडीवर बसवायचे. चौकशीत त्याची चूक निघाली नसली तर. घरी ठेवला की संपला, परत स्टीअरिंगला हात लावत न्हाई. काझींची चूक निघाली का?"

"नाही."

"मग बोलव त्यांना."

काझी फोनवर तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा महादेवीने स्वतः फोन घेतला. काय बोलली ते तिने कोणाला सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी लातूरच्या थिएटरात ती टेबलावर पडली होती, काझी डोक्याशी बसला होता आणि शिवगंगा त्याच्या शेजारी हात बांधून उभी होती. आता कुप्यांवर नाव होतं. सुरी उचलायच्या आधी काझीने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"डॉक्टर," हिरव्या कापडाखालून महादेवीचा आवाज आला, "घाट लागल्यावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं. गिअर टाका."

काझीच्या मास्कमागे काहीतरी हललं, हसू असावं. त्याने सुरी उचलली. छेद पडला, पिवळसर पिकलेला मोतीबिंदू तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आला, नवं भिंग घडी उलगडत जागेवर बसलं. शिवगंगाने कुपी पुढे केली. काझीने तो एक थेंब डोळ्याच्या आत सोडला, आणि हात मागे घेतला तेव्हा तो मुळीच थरथरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी काझीनेच काढली. महादेवीने डोळ्याची उघडझाप केली, समोरच्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी एवढे तरणे आहाव? आवाजावरून मला वाटलं, रिटायर व्हायला आलेत."

बसवराज हसायला लागला आणि हसता हसता खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. महादेवीने त्याला हाताला धरून वळवलं. "रडतोस कशाला? इकडं बघ. ताईकडं बी बघ जरा. वर्ष झालं, बोलला न्हाईस तिच्याशी." बसवराजने बहिणीकडे पाहिलं. "ताई, चहा घेऊन येतो," एवढंच तो म्हणाला, आणि तिघांसाठी नाही, चौघांसाठी घेऊन आला.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. डोळा स्वच्छ राहिला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात सरकारने शिबिरांवरची बंदी उठवली आणि सोलापूरच्या रुग्णालयाने पहिलं शिबिर अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात घेतलं. काझी लातूरहून मदतीला आला. शाळेच्या वर्गात थिएटर उभं राहिलं. दिवसभर दोघांनी मान वर केली नाही. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. शेवटच्या डोळ्यात शेवटचा थेंब गेला तेव्हा शिवगंगाची बोटं आखडली होती आणि तिला कडकडून भूक लागली होती.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात साठ माणसं पट्ट्या बांधून रांगेने बसली होती, कोणी घोंगडी पांघरून, कोणी नातीचा हात धरून. शिवगंगाने एका टोकापासून पट्ट्या काढायला सुरुवात केली. आधी सगळे शांत होते. मग पहिली म्हातारी मोठ्याने म्हणाली की, समोरच्या भिंतीवर पाढे लिहिलेत. दुसऱ्याने तिला सांगितलं की, ते पाढे नाहीत, बाराखडी आहे. तिसरा आपल्या लेकाला म्हणाला, तू दाढी कधी ठेवलीस, काढून टाक. पट्टी निघेल तसा जो तो दिसेल ते सांगू लागला, कोंबडी, घंटा, लाल बादली, सूनबाईची नथ, आणि अजून ज्यांच्या पट्ट्या निघाल्या नव्हत्या ते अधीर होऊन विचारू लागले, अजून काय, अजून काय दिसतंय. साऱ्या व्हरांड्यात एकच गलका झाला. शिवगंगाला काही ऐकू येईना. पुढच्या आजोबांनी पट्टी बांधलेला चेहरा तिच्या पावलांच्या आवाजाकडे वर केला होता. ती त्यांच्यापुढे वाकली आणि चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवू लागली.